घरामागे ओढलेली मोटार आणि परिग्रहाची मर्यादा

अमेरिकेत मोटरहोममधून फिरणारी अनेक कुटुंबे घरामागे एक लहान मोटारही ओढत नेतात. मोटरहोम म्हणजे चाकांवरचे घर. मोठ्या प्रकारात ते ३० ते ४५ फूट लांबीच्या बसएवढे असते. त्यात स्वयंपाकघर, न्हाणीघर, पलंग, पाण्याच्या टाक्या असे सगळे असते. मागची मोटार लोखंडी दांड्याने या घराला जोडलेली असते आणि चालकाविना आपल्या चारही चाकांवर धावत येते. ती कोणती घ्यावी, किती वजनाची घ्यावी आणि कशी ओढावी, हे प्रश्न वरवर पाहता गॅरेजमधले आहेत. त्यांच्या मुळाशी मात्र फार जुना धर्मप्रश्न आहे: वाटेवरच्या माणसाने बरोबर किती बाळगावे, आणि 'आता पुरे' हे त्याने कशावरून ठरवावे? भारतीय परंपरेत या प्रश्नाचा सर्वांत बारीक विचार जैन आचार्यांनी परिग्रहाच्या, म्हणजे वस्तू बाळगण्याच्या, चर्चेत केला. त्या विचाराने घरामागच्या मोटारीचा प्रश्न तपासता येतो, आणि तो तपासताना त्या विचाराचा सहसा मागे पडणारा एक भागही उजेडात येतो.

मोटारीची गरज खोटी नाही. मुक्कामाला पोचल्यावर मोटरहोमचे खरोखरच घर होते. जॅक खाली सोडून ते समतल करतात, भिंतीचे सरकते भाग बाहेर काढून खोली रुंद करतात, वीज, पाणी आणि सांडपाण्याच्या नळ्या जोडतात. त्यानंतर दूध आणायला किंवा डॉक्टरकडे जायला हा सगळा पसारा आवरायचा आणि एका गॅलनमध्ये जेमतेम ७ ते १० मैल जाणारी बस गावातल्या गल्ल्यांत घालायची, हे कुणालाच परवडत नाही. काही रस्ते तर तिला बंदच असतात. मोंटानातल्या ग्लेशियर राष्ट्रीय उद्यानात 'गोइंग-टू-द-सन' रस्त्याच्या लोगन खिंडीकडच्या भागात २१ फुटांहून लांब किंवा ८ फुटांहून रुंद वाहनाला प्रवेश नाही. ॲरिझोनातल्या क्वार्ट्झसाइट गावाभोवतीच्या वाळवंटात हिवाळाभर मोठ्या संख्येने मोटरहोम उतरतात. तिथल्या मोकळ्या सरकारी जमिनीवर बहुतेक ठिकाणी ना नळ असतो ना वीज, आणि किराणा व पाणी आणायला लहान गाडीच उपयोगी पडते.

एका वस्तूपायी दुसरी वस्तू लागते, ही साखळी संन्याशाच्या लंगोटीच्या लोककथेतून सर्वांना माहीत आहे. उंदीर लंगोटी कुरतडतात म्हणून मांजर आले, मांजराला दूध हवे म्हणून गाय आली, गाईला चारा हवा म्हणून शेत आले, आणि अखेर संन्याशाचा संसार थाटला गेला. मोटरहोमची साखळीही अशीच वाढते. घरासाठी मोटार, मोटारीसाठी टो-बार म्हणजे जोडणारा दांडा, टो-बार अडकवायला मोटारीच्या सांगाड्याला बोल्टने पक्की केलेली बेसप्लेट, मागच्या दिव्यांसाठी तारा, ब्रेकसाठी वेगळे यंत्र. असा जोडसरंजाम बसवण्यातच काही हजार डॉलर जातात. पण साखळी लांब झाली एवढ्यावरून ती चुकीची ठरत नाही. कथेतला संन्यासी एकाही कडीपाशी थांबून हिशेब करत नाही, हा त्याचा खरा दोष. शिवाय तो संन्यासी होता. मोटरहोममधले जोडपे गृहस्थाश्रमी आहे, आणि त्याला संन्याशाचे माप लावणे हा त्याच्यावर अन्याय होईल.

जैन आचारशास्त्र ही दोन मापे सुरुवातीलाच वेगळी करते. मुनीसाठी अपरिग्रह हे महाव्रत आहे. दिगंबर मुनीजवळ मोरपिसांची पिंछी, कमंडलू आणि शास्त्रग्रंथ यांखेरीज काही नसते. श्रावकासाठी, म्हणजे जैन गृहस्थासाठी, तेच व्रत अणुव्रत होते आणि त्याला परिग्रहपरिमाण म्हणतात. शेत, घर, सोनेचांदी, धन, धान्य, जनावरे, भांडीकुंडी यांची कमाल मर्यादा श्रावकाने स्वतः ठरवायची आणि एकदा ठरल्यावर ती पाळायची. मर्यादा किती असावी याचा आकडा शास्त्र देत नाही. ती हाव सुटण्याआधी ठरलेली असावी, यावर मात्र शास्त्राचा भर आहे. या व्रताचे मोठेपण त्यातच आहे, कारण गरज आणि हौस यांतला फरक दुकानात उभे राहून कुणालाच नीट कळत नाही.

परिग्रह नेमका कशात असतो, वस्तूत की मनात? जैन आचार्य उमास्वातींनी 'तत्त्वार्थसूत्र' या ग्रंथात त्याची व्याख्या मनाच्या बाजूने केली. वस्तूविषयीची मूर्च्छा, म्हणजे 'हे माझे' अशी गुंगी, तोच परिग्रह. ही व्याख्या दिगंबर आणि श्वेतांबर या दोन्ही जैन पंथांना मान्य आहे, पण तिच्यापाशीच वाट फुटते. संयमाला लागणारी वस्त्रे आणि पात्रे मूर्च्छेविना बाळगता येतात, असे श्वेतांबर म्हणतात. वस्तू हाताशी असली की मूर्च्छेला थारा मिळतोच, म्हणून मुनीला वस्त्रही नको, असे दिगंबरांचे म्हणणे. हा वाद केवळ कपड्यांचा नाही. मन शुद्ध असल्याचा दावा बाहेरची मर्यादा मोडायला पुरेसा आहे का, हा त्याचा गाभा आहे.

घरामागची मोटार या वादात एक निर्णायक साक्ष देते. गाडी मोठी असली तरी आपण तिच्यात गुंतलेलो नाही, गरजेपुरती ती ठेवली आहे, असे एखादा मोटरहोमधारक मनापासून म्हणू शकेल. ते खरेही असेल. पण अनासक्त माणसाची ४,५०० पौंडांची जीपसुद्धा काट्यावर ४,५०० पौंडच भरते, आणि घाटाच्या उतारावर ब्रेकला मालकाच्या मनाची स्थिती कळत नाही. वजनाच्या बाबतीत मूर्च्छेचा अभाव हे उत्तर होऊच शकत नाही.

त्या वजनाचा हिशेब असा आहे. मोटरहोमच्या सांगाड्यासाठी कारखाना तीन आकडे ठरवतो: घराचे स्वतःचे सामानासह कमाल वजन, घर आणि मागची मोटार यांचे मिळून कमाल वजन, आणि मागच्या हुकाची ओढण्याची कमाल क्षमता. फोर्डच्या एफ-५३ सांगाड्यावर अनेक पेट्रोल मोटरहोम बांधली जातात. त्याच्या एका प्रचलित रूपात पहिला आकडा २२,००० पौंड (सुमारे ९,९८० किलो) आणि दुसरा २६,००० पौंड (सुमारे ११,७९० किलो) आहे. हुकावर मात्र अनेकदा ५,००० पौंड लिहिलेले असते. तेवढेच वाचून ४,८०० पौंडांची मोटार घेणारा माणूस, घर पूर्ण भरले की ८०० पौंडांनी मर्यादेबाहेर जातो. त्याच्यासाठी खरी मर्यादा दोन एकूण वजनांच्या वजाबाकीची, ४,००० पौंडांची आहे. आणि घर भरायला वेळ लागत नाही: ७५ गॅलन पाणीच सुमारे ६२५ पौंड भरते, त्यावर पुस्तके, भांडी, हत्यारे, कपडे. म्हणून प्रवासाला निघताना जसे भरायचे तसेच घर भरून, टाक्या भरून, ते महामार्गावरच्या ट्रक-थांब्यांवरील वजनकाट्यावर नेणे हाच खरा मार्ग. अंदाजाने केलेले वजन जवळजवळ नेहमी कमी निघते, कारण माणूस आपल्या वस्तू मोजताना स्वतःला सूट देतो.

ब्रेकचा प्रश्न याहून गंभीर आहे, आणि त्यावर जितके बोलले जायला हवे तितके बोलले जात नाही. मोटरहोमचे ब्रेक साधारणपणे घराच्या स्वतःच्या कमाल वजनापुरते आखलेले असतात, दोन्ही वाहनांच्या एकत्रित वजनासाठी नव्हे. इंजिन २६,००० पौंड ओढू शकते म्हणून ब्रेकही तेवढे वजन थांबवतील, असे होत नाही. म्हणून मागच्या मोटारीला स्वतःचा ब्रेक लावणारे यंत्र हवे. त्याचा एक प्रकार म्हणजे चालकाच्या जागी ठेवायची पेटी. पुढचे वाहन मंदावले की ती मोटारीचे ब्रेक पेडल दाबते. दुसरा प्रकार मोटारीत कायमचा बसवलेला असतो. याशिवाय एक सुटका-कळ असते: दांडा तुटून मोटार वेगळी झालीच, तर ही कळ आपोआप ब्रेक लावते. दांडा निसटला तरी मोटार रस्त्यावर भरकटू नये म्हणून सुरक्षा-साखळ्या किंवा केबल फुलीसारख्या अडकवतात. कायदा राज्यागणिक वेगळा आहे. बऱ्याच राज्यांत ३,००० पौंडांवरच्या ओढीव वाहनाला ब्रेक सक्तीचे आहेत, काही राज्यांत ही सीमा याहून खाली आहे. पण जिथे सक्ती नाही तिथे ब्रेक न बसवणे हा काटकसरीचा विषय मानता येत नाही. पुढच्या चौकात थांबलेल्या मोटारीत कुणाचे तरी मूल बसलेले असते, आणि वाचवलेल्या पैशाची जोखीम त्याच्या माथी जाते.

आपल्या ओझ्याची इजा दुसऱ्याला होते, नेमके हेच जैन आचार्यांनी फार पूर्वी ओळखले होते. दिगंबर परंपरेतले प्राचीन आचार्य समंतभद्र यांनी 'रत्नकरंड श्रावकाचार' या ग्रंथात परिग्रहपरिमाण व्रताला लागणारे पाच दोष सांगितले आहेत: अतिवाहन, अतिसंग्रह, विस्मय, लोभ आणि अतिभारवहन. संग्रह आणि लोभ यादीत असणार हे उघड आहे. पण पाचांपैकी दोन दोष थेट वाहतुकीचे आहेत. अतिभारवहन म्हणजे झेपेल त्याहून जास्त ओझे लादणे. अतिवाहनाचा अर्थ टीकाकार प्रभाचंद्र असा लावतात की, लोभापायी बैलांना ते सुखाने जातील त्याहून दूर हाकणे. काही आधुनिक भाषांतरांत तोच शब्द गरजेहून अधिक वाहने बाळगणे या अर्थाने घेतला आहे. दोन्ही अर्थ मोटरहोमच्या मागे येणाऱ्या मोटारीला लागू पडतात.

त्याहून महत्त्वाची गोष्ट तत्त्वार्थसूत्रात आहे. तिथे जास्त ओझे लादण्याचा दोष, अतिभारारोपण, परिग्रहाच्या प्रकरणात येत नाही. तो अहिंसाणुव्रताच्या दोषांत येतो. बांधणे, मारणे, अवयव छेदणे, अन्नपाणी तोडणे यांच्या पंगतीत. एकच कृती एका ग्रंथात लोभाच्या खाती आणि दुसऱ्यात हिंसेच्या खाती नोंदवलेली आहे, आणि दोन्ही नोंदी बरोबर आहेत. ज्या बिंदूपाशी ओझे वाहणाऱ्याच्या क्षमतेबाहेर जाते, तिथे माझी मालमत्ता हा माझा खासगी विषय उरत नाही. बैलाच्या काळात ती हिंसा बैलावर होत होती. आज ती तापलेल्या ब्रेकमधून आणि फुटलेल्या टायरमधून रस्त्यावरच्या अनोळखी माणसावर होते. परिग्रहाचा विचार फक्त मूर्च्छेपुरता, म्हणजे मालकाच्या मनापुरता ठेवला, तर हा अनोळखी माणूस त्यात कुठेच दिसत नाही. समंतभद्रांच्या यादीत मात्र त्याच्यासाठी जागा आहे. दिगंबर-श्वेतांबर वादात कुणाची बाजू घ्यावी हा प्रश्न मुनींपुरता बाजूला ठेवला, तरी गृहस्थाला मनाची आणि काट्याची अशा दोन्ही मर्यादा हव्यात, हे इथे निर्विवाद ठरते.

मर्यादा ठरली की मोटारीची निवड सोपी होते, पण उलट क्रमाने गेले तर फसगत होते. बहुतेक लोक मोटार आधी पसंत करतात आणि ती ओढता येईल का हे नंतर विचारतात. चारही चाकांवर ओढण्याजोग्या मोटारी थोड्याच आहेत, आणि त्याचे कारण गिअरबॉक्समध्ये आहे. सर्वसाधारण ऑटोमॅटिक गिअरबॉक्समध्ये तेल फिरवणारा पंप इंजिनावर चालतो. इंजिन बंद ठेवून चाके फिरत राहिली की आतले भाग तेलाविना फिरतात, तापतात आणि झिजून निकामी होतात. जीप रँग्लरसारख्या गाडीत चाकांकडे शक्ती वाटणारा ट्रान्सफर केस न्यूट्रलमध्ये टाकला की चाके आणि गिअरबॉक्स यांचा संबंध तुटतो. म्हणून ती मोटरहोमवाल्यांची आवडती. हाताने बदलायच्या गिअरच्या अनेक गाड्याही न्यूट्रलमध्ये ओढता येतात, पण अमेरिकेत अशा गाड्या आता विरळ झाल्या आहेत. होंडाची सीआर-व्ही २०१४ च्या मॉडेलपर्यंत ठराविक क्रमाने गिअर फिरवून ओढता येत होती. २०१५ पासून तिच्यात सीव्हीटी हा वेगळ्या धाटणीचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स आला आणि ती सोय संपली. विजेच्या मोटारींचे चाक फिरले की मोटरही फिरते आणि वीज निर्माण करू लागते, म्हणून टेस्लासारखी गाडी चारही चाके जमिनीवरून उचलूनच न्यावी लागते. याबाबत विक्रेत्याचा शब्द प्रमाण धरू नये. गाडीच्या माहितीपुस्तिकेत ओढण्याविषयीचा भाग असतो. त्यात स्पष्ट होकार असेल तरच ती गाडी योग्य. त्याच पुस्तिकेत वेगाची मर्यादा, स्टिअरिंग मोकळे कसे ठेवायचे आणि बॅटरी उतरू नये म्हणून कोणता फ्यूज काढायचा हेही दिलेले असते.

ज्यांची आधीची मोटार अशी ओढता येत नाही त्यांना पुढची चाके उचलून धरणारी डॉली किंवा पूर्ण ट्रेलर घेता येतो. ट्रेलरचे स्वतःचे वजन दीड-दोन हजार पौंडांपर्यंत जाते आणि मुक्कामाला तो ठेवायला वेगळी जागा शोधावी लागते. आधीचीच मोटार वापरता येत असेल तर डॉली हा संयमाचा पर्याय ठरू शकतो. फक्त ओढण्यासाठी नवी मोटार घेण्यापेक्षा तो पुष्कळदा बरा.

समंतभद्रांच्या यादीतला विस्मय हा दोष सूक्ष्म आहे. दुसऱ्याचे वैभव पाहून चकित होणे आणि आपली मर्यादा अपुरी वाटू लागणे, असा त्याचा आशय. मोटरहोमच्या तळावर शेजारी ४५ फुटी डिझेल बस आणि तिच्यामागे चकचकीत नवी जीप येऊन उभी राहिली की तो जागा होतो. पहिल्या शतकातल्या रोममधला स्टोइक तत्त्वज्ञ सेनेका याने ल्युसिलियसला लिहिलेल्या ८७ व्या पत्रात हाच अनुभव प्रांजळपणे नोंदवला आहे. तो अगदी थोड्या सामानानिशी, साध्या खेडवळ खेचरगाडीतून निघाला होता. पण वाटेत थाटामाटाचा लवाजमा भेटला की ही गाडी आपली आहे हे दिसू नये, असे त्याला वाटे, आणि त्याची त्याला लाज वाटे. साध्या गाडीत संकोचणारा माणूस भारी गाडीत फुशारकी मारणारच, असा निष्कर्ष त्याने स्वतःबद्दल काढला. समंतभद्र आणि सेनेका यांचा एकमेकांशी काही संबंध नव्हता, तरी समंतभद्रांच्या यादीत हा दोष वाहतुकीच्या दोषांसोबत यावा आणि सेनेकाला तो गाडीतच भेटावा, याचे आश्चर्य वाटू नये. घरातली संपत्ती झाकून ठेवता येते. रस्त्यावरची सर्वांना दिसते.

अमेरिकेच्या स्वतःच्या परंपरेत हा प्रश्न हेन्री डेव्हिड थोरोने उपस्थित केला. 'वॉल्डन' (१८५४) मध्ये तो घरसामानाची कल्पना माणसाच्या कमरपट्ट्याला अडकलेल्या सापळ्यांसारखी करतो. कुठेही जायचे तर ते फरफटत न्यावे लागतात. त्याच पुस्तकात तो फिचबर्गच्या प्रवासाचा हिशेब मांडतो. अंतर ३० मैल, रेल्वेचे भाडे ९० सेंट, म्हणजे जवळजवळ एका दिवसाची मजुरी. भाडे कमावण्यात दिवस घालवणाऱ्यापेक्षा पायी निघालेला माणूस आधी पोचतो. हा हिशेब मोटारीला लावला तर टो-बार, बेसप्लेट, ब्रेकयंत्र, मोटारीचा विमा आणि वाढलेले इंधन यांसाठी किती दिवस काम करावे लागले, हे विचारावे लागते. थोरोचे माप कठोर आहे. आजारी जोडीदाराला दर आठवड्याला रुग्णालयात न्यावे लागणाऱ्या वृद्धाला ते लावणे निर्दयपणाचे होईल. पण ज्यांची मोटार महिन्यातून दोनदा बाहेर पडते त्यांनी ते लावून पाहणे हितकारक आहे.

ओझे कुणासाठी वाहिले जाते, यानेही हिशेब बदलतो. पंढरीच्या वाटेवरच्या दिंड्या पायी चालतात, पण त्यांच्या राहुट्या, शिधा आणि मोठी भांडी वाहणारे ट्रक पुढच्या मुक्कामी जाऊन थांबतात. वारकऱ्याच्या खांद्यावर पताका आणि गळ्यात टाळ असतात कारण बाकीचे ओझे दुसरीकडे चालले आहे. तरी त्याला कुणी परिग्रह म्हणत नाही, कारण तो ट्रक पूर्ण दिंडीचा असतो आणि वारी संपली की वारकऱ्याचे त्याच्याशी नाते उरत नाही. मोटरहोमचे तळही काही प्रमाणात असे वागू शकतात. क्वार्ट्झसाइटसारख्या ठिकाणी शेजारी-शेजारी महिनोन्‌महिने राहणाऱ्यांनी एकाच मोटारीतून बाजार केला तर दोन-तीन मोटारी घरीच राहू शकतात. हा उपाय जितका साधा तितका कमी वापरला जातो.

मोटार जोडून निघाल्यावर व्रताची खरी परीक्षा रोज होते. चारही चाकांवर ओढलेली मोटार घेऊन मागे जाता येत नाही; तिची पुढची चाके आपोआप एका बाजूला वळतात आणि दांडा वाकतो. म्हणून पेट्रोल पंपावर शिरण्याआधी बाहेर पडण्याची वाट दिसली पाहिजे, आणि अडकल्यास मोटार सोडवूनच बस मागे घ्यावी लागते. दांडा शक्यतो समतल असावा. हुक उंच आणि मोटार खाली असेल तर जोराच्या ब्रेकला मोटार खाली दाबली जाते, आणि त्यासाठी उंची जुळवणारा जोड मिळतो. दर थांब्यावर दांड्याच्या पिना, साखळ्या, दिवे आणि चाकांची उष्णता तपासायची. कॅलिफोर्नियात ओढणाऱ्या वाहनाला ताशी ५५ मैलांची मर्यादा आहे. तशी मर्यादा नसलेल्या राज्यांतही अनेक जाणते चालक त्याच्या जवळपास राहतात. एका दिवसात किती मैल जायचे हेही ठरवलेले बरे. प्रभाचंद्रांनी सांगितलेला बैलांना दूर हाकण्याचा दोष इथे थकलेल्या चालकाला लागू होतो, आणि चालकाचा थकवा हा ब्रेकच्या थकव्याइतकाच घातक असतो.

जन्मभराच्या मर्यादेच्या आत काही काळापुरती आणखी लहान मर्यादा घालून घेण्याची सोयही जैन आचारात आहे. देशावकाशिक व्रतात श्रावक काही काळापुरते वावराचे क्षेत्र आखून घेतो. समंतभद्रांनी त्यासाठी वर्ष, अयन, ऋतू, चार महिने, महिना, पंधरवडा असे काळाचे टप्पे सांगितले आहेत. नव्याने मोटरहोम घेणाऱ्याला ही पद्धत फार उपयोगाची आहे. पहिला एक ऋतू मोटार न जोडता काढावा. गावात पोचल्यावर गरज पडेल तेव्हा भाड्याची गाडी घ्यावी, जवळच्या कामाला सायकल वापरावी, आणि किती वेळा खरोखर अडले हे लिहून ठेवावे. काहींना कळेल की त्यांना मोठे घर नको होते, २० फुटांच्या आसपासची व्हॅन दोन्ही कामे करते. काहींना मोटार हवीच असे ठरेल, आणि तोवर वजनकाट्यावरचा आकडा हातात असल्यामुळे किती पौंडांपर्यंत जायचे हेही ठरलेले असेल. पुढचा ऋतू सुरू होताना घर पुन्हा काट्यावर नेऊन तो आकडा पुन्हा मांडायचा, कारण दरम्यान कपाटे भरलेली असतात.